आरशाला पदर लावू नये

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. आमचे जुने घर माळवदाचे. दोन पावसाळे छत गळत होते, म्हणून धाकट्या भावाने ते उतरवायचे ठरवले होते. त्याआधी आतल्या खोलीतले सामान बाहेर काढायचे होते. पितळी घागरी निघाल्या, मायची जात्याची पाळ निघाली, गोधड्या निघाल्या आणि सगळ्यांत शेवटी अण्णांची लोखंडी पेटी निघाली. पेटी उघडली तसा डांबर गोळ्यांचा वास घरभर झाला. आत अण्णांचा कोट होता, पावतीबुके होती आणि चामड्याच्या खोळीत त्यांचा कॅमेरा होता.

माझा पुतण्या दहावीत आहे. त्याने कॅमेरा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि तळाची कडी फिरवत म्हणाला, “काका, हा उघडतो कुठून?”

मी ओरडलो. सणासुदीला मुलावर एवढ्या जोराने ओरडल्याबद्दल वहिनींनी नंतर मला सुनावलेही. पण मला बाजूच्या काचेच्या डोळ्यातला आकडा दिसला होता. तो आकडा आठ होता.

ज्यांनी असे कॅमेरे हाताळले नाहीत, त्यांना या ओरडण्याचा अर्थ लागणार नाही. तोच सांगण्यासाठी हा लेख.

बारा फोटोंचा रोल

अण्णांचा कॅमेरा याशिका मॅट 124 जी. एकावर एक दोन भिंगे असलेला, छातीशी धरून वरून खाली बघायचा. 1978 साली त्यांनी तो औरंगाबादच्या एका फोटोवाल्याकडून जुना विकत घेतला. तेव्हा जालना हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो 1981 साली झाला. आणि औरंगाबादचे आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे.

या कॅमेऱ्यात लागते ती 120 क्रमांकाची फिल्म. कोडॅक कंपनीने ती 1901 साली काढली आणि आजही ती काही कंपन्या बनवतात. फिल्मची पट्टी काळ्या पाठीच्या कागदावर गुंडाळलेली असते. कागद फिल्मपेक्षा लांब, म्हणून दोन्ही टोकांना कागदाचेच वेढे येतात आणि तेच उजेड अडवतात. एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघतात. पुढे सगळीकडे पसरलेल्या 35 मिलिमीटरच्या फिल्मवरच्या चित्रापेक्षा हे चित्र साडेतीन पटींहून मोठे. म्हणून भिंतीवर लावायचा मोठा फोटो यातून काढला, तरी म्हातारीच्या गालावरची सुरकुती न सुरकुती दिसते.

जगभर या आकाराचा दबदबा होता. जर्मनीत 1929 साली निघालेला रोलीफ्लेक्स हा दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांचा मूळपुरुष. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला रोलीफ्लेक्स वापरत. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत भारतात बनलेला आगफा क्लिक 3 असे. त्यातही हीच फिल्म. वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांचे बाळपण त्या चौकोनी फोटोंत असेल.

आता त्या आकड्याबद्दल. अण्णांच्या कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडले की आकडा आपोआप सुरुवातीला येतो. आकडा आठवर आहे, याचा अर्थ आत रोल आहे, आठ फोटो काढलेले आहेत, चार बाकी आहेत आणि त्यानंतर झाकण कोणी उघडलेले नाही. पुतण्याने कडी आणखी बोटभर फिरवली असती, तर पाच सेकंदांत त्या फोटोंत उजेड शिरला असता.

पत्र्याचा स्टुडिओ

अण्णांचा स्टुडिओ बाजाराच्या रस्त्यावर होता. पत्र्याची खोली, मागे रंगवलेला पडदा, एक खुर्ची आणि कडेला अंधारखोली. परीक्षेच्या अर्जांचे फोटो, लग्नांचे फोटो, नवी मोटारसायकल घेतलेल्यांचे फोटो. आणि एक काम असे होते, की ज्याला ते कधीच नाही म्हणत नसत. घरात कोणी म्हातारे माणूस गेले आणि त्याचा एकही फोटो नाही असे लक्षात आले, की रात्री-अपरात्री कडी वाजायची. अण्णा सदरा चढवून कॅमेरा काखेत घेऊन निघायचे. अशा फोटोचे पैसे त्यांनी मागितलेले मला आठवत नाही.

कॅमेरा सायकलच्या मागच्या कॅरिअरला त्यांनी कधी बांधला नाही. खडीच्या रस्त्याने कॅरिअर थडथडतो आणि त्या थरथरीने आतले बारीक स्क्रू सैल होतात. कॅमेरा गळ्यात आणि त्यावर एक हात. गळ्यातल्या पट्ट्यावरही त्यांचा भरवसा नसे; दर महिन्याला टाके ओढून बघत. “मडकं आन् कॅमेरा, दोन्ही हातांनी धरायचं,” हे वाक्य कुंभार पिंपळगावात शोभणारे होते आणि ते ते गिऱ्हाइकांनाही ऐकवत.

जवळच जांब समर्थ. समर्थ रामदासांचे जन्मगाव. तिथल्या रामनवमीच्या गर्दीत अण्णा फोटो काढायला जात, तेव्हा गुलाल उधळायच्या आधी कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवत आणि भिंगापुरते भोक ठेवून दोऱ्याने बांधत. गुलाल, उन्हाळ्यातली काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या दिवसांतली तूस हे त्यांचे तीन वैरी. रोल बदलायचा तर कितीही घाई असो, सावली गाठायची. झाड नसेल तर उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत. काढलेल्या रोलाचा कागद घट्ट ओढून चिकटपट्टी लावायची आणि रोल लगेच खिशात टाकायचा. रोल सैल राहिला तर कडेने उजेड शिरतो आणि चित्राच्या बाजूला पांढरे पट्टे उमटतात.

गावातल्या प्रत्येकाचा फोटो त्या खोलीत निघाला. मायचा मात्र नाही. अण्णांनी कॅमेरा तिच्याकडे वळवला की ती पदर तोंडावर ओढायची. “आधी गिऱ्हाइकांचं बघा,” म्हणायची. एक लग्नातला घोळक्यातला फोटो सोडला, तर फोटोवाल्याच्या बायकोचा फोटो घरात नव्हता.

माझा पराक्रम

मी अकरा वर्षांचा असताना एके दुपारी अण्णा जेवून लवंडले होते. कॅमेऱ्याचे वरचे झाकण उघडे होते. आतल्या दुधी काचेवर मला धूळ दिसली. मदत करावी म्हणून मी ती काच धरणारे चार स्क्रू काढले आणि खाली बघतो तो एक तिरका आरसा. त्यावरही धूळ. घरातला आरसा माय जशी पुसायची, तसा मी तो पुसला. आधी तोंडाची वाफ दिली, मग चिमूटभर राख घेतली आणि दांडीवर वाळत असलेल्या मायच्या लुगड्याच्या पदराने घासला. आरसा चकचकीत होईल असे वाटले होते. तो काळा पडत गेला. मी आणखी घासले.

घरातल्या आरशाचा चांदीचा मुलामा काचेच्या मागे असतो आणि पुढची काच त्याला सांभाळते. कॅमेऱ्यातल्या आरशाचा मुलामा पुढे, उघड्यावर असतो. मागे असता तर काचेचे दोन पृष्ठभाग दोन प्रतिमा देते आणि नेमके जुळवता आले नसते. हा मुलामा इतका नाजूक की मऊ कापडानेही त्यावर ओरखडे येतात. राखेपुढे तो टिकणार कसा?

अण्णांनी मला मारले नाही. त्यांनी कॅमेरा डोळ्यांशी धरून बघितले, मग माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बघ, काय दिसतं?” काहीच दिसत नव्हते. डाग डाग आणि मधे थोडासा उजेड. “आरशाला पदर लावू नये,” एवढेच ते बोलले.

खरी शिक्षा पुढे झाली. हा आरसा फक्त बघण्याच्या वरच्या भिंगासाठी असतो. फोटो घेणाऱ्या खालच्या भिंगाला त्याची गरज नसते. म्हणजे फोटो निघू शकत होता, पण माणूस नेमका स्पष्ट कुठे येतो ते दिसत नव्हते. नवा आरसा मुंबईहून यायला चार महिने लागले. लग्नसराईचे चार महिने. अण्णांनी सुतळीला चार, सहा, आठ आणि दहा फुटांवर गाठी मारल्या. नवरदेवाच्या नाकापासून कॅमेऱ्यापर्यंत सुतळी ताणून अंतर मोजायचे आणि चाकावरच्या फुटांच्या खुणेवर ते लावायचे. भिंगाचे छिद्र बारीक ठेवायचे, म्हणजे थोडी चूक खपून जाते. सुतळीचे दुसरे टोक धरायला मी. वऱ्हाडी हसायचे. “फोटोवाला नवऱ्याचं माप घेऊलाला का?” अण्णाही हसायचे. मी खाली बघत असे.

त्या चार महिन्यांत एकही फोटो हुकला नाही. पण आपण प्रेमाने केलेली गोष्टही नासधूस करू शकते, हे माझ्या मनावर तेव्हा कोरले गेले.

जोर आणि तेल

आता पुन्हा दिवाळीकडे येतो. कॅमेरा मी हातात घेतला. फिल्म पुढे सरकवायची कडेची मूठ हलवून पाहिली. ती जागची हलेना. भाऊ म्हणाला, “दे इकडं, जरा जोर लावतो.” शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “शिलाई मशीनचं तेल सोडा दोन थेंब.”

या दोन सल्ल्यांनी जितके जुने कॅमेरे मेले असतील, तितके पडूनही मेले नसतील. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कॅमेऱ्यातले वंगण घट्ट होते. जोर लावला की आतला पितळी दाता तुटतो, आणि तो आता कुठे मिळत नाही. तेल सोडले की ते पसरत पसरत शटरच्या कागदासारख्या पातळ पात्यांवर जाते आणि पाती एकमेकांना चिकटतात. अण्णा म्हणत, “कॅमेरा थांबला की आपण थांबायचं. तो काहीतरी सांगत असतो.” चालत्या कॅमेऱ्यालाही हेच लागू. या जातीच्या जुन्या शटरांत 500 चा सर्वांत जलद वेग लावायचा तर आधी लावून मग मूठ फिरवायची. शटर ताणल्यावर त्या खुणेकडे चक्र ओढले तर जास्तीच्या स्प्रिंगवर ताण येतो. आपला फोटो आपणच काढायची कळ जुन्या कॅमेऱ्यात अर्ध्यातच अडकते, म्हणून तिला हात लावू नये. तिपाईचा स्क्रू लांब असेल तर तो तळाला भोक पाडतो. अडला की सोडावा. वरची टोपी मिटताना आधी आतले भिंग, मग बाजूचे पत्रे, मग झाकण. क्रम चुकला की पत्रा वाकतो.

भिंगाचेही तसेच. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवायची, मग मऊ कुंचला. एवढ्याने भागले नाही तरच भिंग पुसायच्या कागदावर थेंबभर द्रव घेऊन मधून कडेकडे पुसायचे. द्रव थेट भिंगावर सोडला तर तो कडेने आत उतरतो. धुळीसकट पुसणे म्हणजे वाळूने घासणे.

आमच्या पेटीने मात्र काही चुका करून ठेवल्या होत्या. चामड्याची खोळ पावसाळ्यात ओल धरते आणि बंद पेटीत भिंगावर बुरशीचे जाळे पसरते. वरच्या भिंगाच्या कडेला ते आले होते. डांबर गोळ्या लोकरीच्या कोटाला चांगल्या. कॅमेऱ्याजवळ मात्र त्या आणि कापूर ठेवू नये, असे कॅमेरा बनवणारेच सांगतात. त्याऐवजी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, त्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्यात आणि महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून हलकेच चालवावा. उजेडमापकाची बॅटरीही काढून ठेवावी. आमची आतल्या आत पाझरली होती आणि तांब्याच्या पट्टीवर हिरवा गंज चढला होता. झाकणाच्या कडेचा काळा फोमही विरघळून डांबरासारखा चिकट झाला होता.

साण्यावर गोधडी

मूठ फिरत नाही, म्हणजे रोल पुढे गुंडाळून काढता येणार नव्हता. एकच मार्ग होता. मिट्ट अंधारात झाकण उघडायचे आणि हाताने रोल गुंडाळायचा.

आमच्या आतल्या खोलीला खिडकी नाही. माळवदात उजेडासाठी ठेवलेले साणे तेवढे आहे. पुतण्याने वर चढून त्यावर दोन गोधड्या टाकल्या आणि कडेने विटा ठेवल्या. दाराच्या फटीत पोते कोंबले. तरी रस्त्यावरच्या दिव्याची एक तिरीप कुठून तरी येतच होती. रात्री अकराला वीज गेली. वीज गेल्याचा आनंद मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला.

पुतण्याला मी शेजारी बसवले. अंधारात दहा मिनिटे नुसते बसलो, म्हणजे डोळे सरावतात आणि कुठे उजेड शिरत असेल तर कळतो. मग कडी फिरवली. बोटांनी चाचपत रिकामे होत आलेले रीळ सोडवले. फिल्म या काळ्या कागदाला एकाच टोकाला चिकटवलेली असते, दुसरे टोक मोकळे. म्हणून कागद आणि फिल्म दोन्ही एकत्र धरून, सैल पडू न देता, भरलेल्या रिळावर इंच इंच गुंडाळायची. घाई केली तर फिल्म मुडपते. पुतण्याच्या हातात मी भरलेले रीळ दिले आणि त्याला दोन्ही अंगठे काठांवर ठेवायला सांगितले. मुलगा श्वास रोखून बसला होता. शेवटी चिकटपट्टी लावली, रोल काळ्या कागदात आणि मग स्टीलच्या डब्यात. तेव्हा कुठे काडी ओढली.

कागदावर “इंदू” हे नाव होते. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची फिल्म. हा कारखाना 1960 साली स्थापन झाला. आता तो बंद आहे.

माणूस चंद्रावर गेला त्याची एक गोष्ट पुतण्याला त्या रात्री सांगितली. 1969 साली अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर वापरलेला हॅसलब्लाड कॅमेरा, त्याचे भिंग सारे काही वजन वाचवण्यासाठी तिथेच ठेवले. परत आणले ते फक्त फिल्मचे डबे. कॅमेरा मोलाचा खरा, पण तो सांभाळायचा तो आतल्या गोष्टीसाठी.

सातवा आणि आठवा

पुण्यात एक हौशी गृहस्थ अजून घरच्या अंधारखोलीत कृष्णधवल रोल धुतात. त्यांनी आधीच बजावले, की इतकी वर्षे पडलेल्या फिल्मवर धुके चढलेले असते, फार आशा धरू नका. आठवड्याने त्यांचा फोन आला.

पहिले दोन फोटो पूर्ण काळवंडले होते. तिसऱ्यात आणि चौथ्यात परीक्षेच्या अर्जासाठी केस चापून बसवलेली दोन मुले होती. आता ती चाळिशीची असतील. पाचव्यात रिकामी खुर्ची. बहुधा उजेड बघायला काढलेला. सहाव्यात एक बैलजोडी, धुरकट.

सातव्यात माय होती. ओसरीवर सुपात तूर निवडत बसलेली, आणि तोंडावर अर्धा पदर.

आठव्यात तिने पदर खाली घेतला आहे. ती सरळ भिंगात बघते आहे. कडेला धुके आहे, उजव्या कोपऱ्यात एक डाग आहे, पण डोळे स्पष्ट आहेत. अण्णांनी ते बरोबर जुळवले होते.

माय 2001 च्या पावसाळ्यात गेली. त्यानंतर अण्णांनी हा कॅमेरा हातात घेतलेला आम्ही कोणी पाहिला नाही. स्टुडिओत दुसरा होता, तो भावाने काही दिवस चालवला. आम्ही समजत होतो की अण्णांचे डोळे अधू झाले म्हणून त्यांनी हा बाजूला ठेवला. रोल मात्र आठावर थांबलेला होता. तो त्यांनी पुढे का नेला नाही, धुतला का नाही, हे विचारायला आता ते नाहीत. बघण्याचे धाडस झाले नसेल, की सवडीने धुऊ म्हणता म्हणता राहून गेले असेल, मी सांगू शकत नाही.

वाचकहो, दिवाळीत, गौरी-गणपतीत किंवा घर पाडताना तुमच्याही माळ्यावरून असा एखादा कॅमेरा निघेल. त्याला पुसू नका, पिळू नका, तेल घालू नका. आधी आकडा बघा. आगफासारख्या कॅमेऱ्याला पाठीवर लाल काच असते. खोलीतल्या मंद उजेडात तिच्यातून कागदावरचा आकडा दिसतो का ते बघा. दिसला तर आत रोल आहे असे समजा आणि जाणत्या माणसाकडे न्या. मधल्या काळात तो थंड, कोरड्या जागी असू द्या.

अण्णांचा कॅमेरा पुण्यातल्या एका वृद्ध कारागिराने उघडून, साफ करून दिला. आता तो पुतण्याकडे आहे. फिल्म महाग, म्हणून वर्षाला दोनच रोल अशी आमची बोली. परवा त्याने माझ्यासमोर रोल भरला. ओसरीच्या सावलीत बसला, कागदावरचा बाण खुणेशी जुळवला, आतली दाबपट्टी 120 वर आहे का ते बघितले आणि झाकण लावले. वरची काच धुळीने माखलेली होती. त्याने तोंड जवळ नेले, मग थांबला, आणि रबरी फुगा शोधायला आत गेला.